बंद खानावळीला पाच स्टार

आधीच सांगून टाकते, मी या खानावळीत पहिल्यांदा गेले तेव्हा ती बंद होती. शटर अर्ध्यावर ओढलेलं, आत अंधार, बाकडी एकावर एक उलटी घातलेली. तरी पाच स्टार देतेय आणि त्यातले चार त्या बंद दिवसाचेच आहेत. ज्यांना नुसता थाळीचा रेट आणि चव हवीय त्यांनी सरळ खाली जावं, मधे मी बरंच बोलणारे.

ठिकाण औसा, जिल्हा लातूर. खानावळीचं नाव लिहीत नाही कारण नावच नाही. पाटी होती म्हणे, एका वळवाच्या पावसात उडाली आणि मालक मामा म्हणाले आता सगळ्यायला म्हाईत हाय की, परत कशाला लावायची. स्टँडवर कुणालाही विचारा, नुसतं बोट दाखवत नाहीत, चालत येऊन दारात सोडतात.

मी चिपळूणची, वय २३. जुनी नोकरी सुटली होती, नवीन सुरू व्हायला वीस दिवस होते, म्हटलं एकटीनं कुठेतरी जाऊन येऊ. मैत्रिणी म्हणाल्या गोवा कर. अगं आम्ही गोव्याच्या हायवेवरच राहतो, डिसेंबरमध्ये सगळा महाराष्ट्र आमच्या दारावरून हॉर्न वाजवत तिकडेच जात असतो. मला उलट्या दिशेला जायचं होतं. वेरूळ-अजिंठा शाळेच्या सहलीत झालेलं, तेही अर्धं बसमध्ये उलट्या करण्यात गेलं, बाकी मराठवाडा म्हणजे माझ्यासाठी टीव्हीवरचा दुष्काळ. आई म्हणाली तिकडे काय आहे बघायला? मी म्हटलं खरोसा लेणी. हे नाव मी आदल्या दिवशीच नकाशावर वाचलं होतं.

तर मुंबईहून रात्रीची गाडी पकडली आणि ३० डिसेंबर २०२४, सोमवारी सकाळी लातूरला उतरले. थंडी चांगलीच, कोकणात आम्ही त्याला थंडी म्हणतो त्याच्या दुप्पट. स्टेशनबाहेर एकच रिक्षा होती आणि ती पण घाईत. रस्त्यानं सगळी दुकानं बंद, चहाच्या टपऱ्या बंद, एवढं मोठं शहर आणि कर्फ्यू लागल्यासारखं. मला वाटलं काही झालंय की काय, दंगल वगैरे. रिक्षावाले दादा म्हणाले, "काही झालं नाही ताई, आज येळवस हाय." एवढं सांगून त्यांना वाटलं मला कळलं. मला वाटलं कुणी पुढारी वारला.

एसटी मिळाली. बायकांना मार्च २०२३ पासून हाफ तिकीट आहे त्यामुळे वीसेक किलोमीटरला काही पैसे लागले असंही वाटलं नाही. बसमध्ये मी, दोन होमगार्ड आणि एक कोंबडा, तो कुणाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "कुणाच्या शेतात चाललाव?"

"कुणाच्याच नाही."

"मग कामून चाललाव?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोपर्यंत खिडकीतून दिसायला लागलं होतं की शहर कुठे गेलंय, सगळं रस्त्यावर होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आख्खी घरं बसलेली, एका मोटरसायकलवर पाच जण, डोक्यावर झाकलेली मडकी घेऊन ओळीनं चाललेल्या बायका, मडक्यावर चक्क शाल पांघरलेली, जसं आपण बाळाला गुंडाळतो तसं.

आता लॉजचं सांगते. ॲपवरून रूम बुक केली होती, पैसे भरलेले, कन्फर्म झाल्याचा मेसेज आलेला. काउंटरवरचा पोरगा माझं आधार कार्ड दोनदा उलटसुलट करून बघून म्हणाला, एकट्या लेडीजला आम्ही देत नसतो. मी वाद घातला, कायदा सांगितला, मेसेज दाखवला. तो बिचारा खाली बघत राहिला, नियम त्याचा नव्हता. लॉजचं नाव इथे लिहीत नाही, पैसे नऊ दिवसांनी परत आले, आणि मुलींनो, एकट्या जाणार असाल तर ॲपवर बुक केलं तरी आधी फोन करून स्पष्ट विचारा, हा एवढा एकच शहाणपणा मी त्या लॉजकडून घेतला.

तर पाठीवर बॅग, पोटात कालचा वडापाव, वाजले होते साडेदहा. स्टँडपाशी एक अर्ध शटर दिसलं म्हणून गेले. बाहेर छोटा हत्ती उभा आणि त्यात एक पन्नाशीचे गृहस्थ पातेली चढवत होते. हेच मामा.

"खानावळ बंद हाय बाई आज."

म्हटलं दुसरं काही उघडं असेल का, चहा तरी. मामा हसले. म्हणाले, "आज तुला औशात कुठं चहा भेटला तर मला सांग, मीबी येतो."

टेम्पोत मागे सतरंजीवर एक आजी बसल्या होत्या, मांडीत शाल गुंडाळलेलं मडकं घट्ट धरून. त्यांनी वरूनच विचारलं, "लेकरू कुणाचं हाय?"

"कुणाचं नाही आज्जी, कोकणातून आलंय."

"मग घे की वर. उन्हात कामून उभारलंय?"

झालं. चर्चा संपली. मला कुणी विचारलंच नाही येतेस का. मामांनी माझी बॅग उचलून पातेल्यांच्या मधे खुपसली सुद्धा. मी जरा घाबरले होते, खोटं कशाला बोलू, एकटी मुलगी, अनोळखी टेम्पो, तासाभरापूर्वीच लॉजनं दाखवून दिलेलं की एकटी असणं हा इथे प्रॉब्लेम आहे. म्हणून मी नंबर प्लेटचा फोटो काढून मैत्रिणीला टाकला. चोरून काढला तरी आजींनी बघितलंच. त्यांना वाटलं हौस म्हणून काढतेय. पदर नीट केला, मडकं जरा पुढे घेतलं आणि म्हणाल्या, "माझाबी काढ." तो फोटो माझ्या फोनवर अजून आहे, खाली एमएच २४ आणि वर आजी. ड्रायव्हर शेजारचे चाचा होते, टेम्पो त्यांचाच, ते आरशातून बघून म्हणाले, "डरो नक्को बेटा, पीछू भोत जगा है." जागा अजिबात नव्हती. मी एका टोपलीच्या आणि एका शाळकरी पोराच्या मधे अडकून बसले.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली, हे मला वाटेत त्या पोरानं सांगितलं. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यात हा दिवाळीच्या तोडीचा सण आहे, त्या दिवशी सरकारी ऑफिसांना पण स्थानिक सुट्टी मिळते. पलीकडे कर्नाटकात यालाच एळ्ळ अमावस्या म्हणतात, एळ्ळु म्हणजे तीळ. मी महाराष्ट्रातलीच, बारावीपर्यंत मराठी मीडियम, आणि हे नाव २३ वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. परदेशात जाऊन नवीन कल्चर बघायला लोक लाखो घालवतात, मला हाफ तिकिटात बघायला मिळालं.

शेत. आता हे चिपळूणच्या माणसाला कसं सांगू. आमच्याकडे कुठेही उभं राहा, समोर डोंगर असतोच, नजर जाऊन आपटते. इथे आपटायला काही नाही. काळी जमीन, तिला चपलेचा अंगठा जाईल एवढ्या भेगा, कमरेच्या वर ज्वारी, हरभरा, तुरीच्या शेंगा लोंबलेल्या, आणि मग नुसतं आभाळ. मधोमध कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली, छोट्या झोपडीसारखी, वरून घोंगडी टाकलेली. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. आजींनी मडकं, त्याला बिंदगं म्हणतात, त्यांच्यासमोर ठेवलं आणि पहिल्यांदा हात मोकळे केले. पूर्ण वाटभर त्यांनी ते दुसऱ्या कुणाकडे दिलं नव्हतं.

पूजा झाली की घरातल्या एकानं लोटक्यात आंबील घेऊन आख्ख्या शेतात शिंपडायचं आणि ओरडत जायचं, "होलगे होलगे, सालम पोलगे." मागे पोरं. मी पण मागे. शेजारच्या शेतातून पण तेच ऐकू येत होतं पण शब्द जरा वेगळे, त्याच्या पलीकडे अजून वेगळे. मी सगळ्यांना विचारलं याचा अर्थ काय. कुणालाच सांगता येईना. चाचा म्हणाले कानडी आहे, मामा म्हणाले कानडीवाले म्हणतात मराठी आहे.

मग जेवण. इथे जरा थांबते.

आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेलं, आदल्या दिवशी केलेलं, त्यात लसूण, मीठ, हिरवी मिरची. मातीच्या लोटक्यातून प्यायची, थंडगार. पहिला घोट घेतला आणि माझं तोंड वाकडं झालं, आंबट म्हणजे केवढं आंबट, दुसऱ्या घोटाला लसूण कळला, तिसऱ्याला मी लोटकं पुढे केलं, अजून द्या. मी म्हटलं आमच्या सोलकढीची बहीण आहे ही. आजी म्हणाल्या, "ते काय असतंय?" मी समजावलं, कोकम, नारळाचं दूध, गुलाबी रंग. आजींनी "गुलाबी?" असं विचारलं, जसं काही मी सांगितलं होतं की आम्ही निळी भाकरी खातो.

भज्जी. हे भजी नाही, भज्जी, चुकून भजी म्हटलात तर पोरं हसतात. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे, मटारचे हिरवे दाणे, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, जे शेतात असेल ते सगळं, चिंचेचा कोळ आणि बेसन लावून एवढ्या मोठ्या पातेल्यात शिजवलेलं. रंग काही सुंदर नाही, फोटोत चिखल दिसतो, मी टाकत नाही. पण एका घासात हाताला दाणा वेगळा, जिभेला वेगळा, मधेच चिंच, मधेच मिरची. त्याबरोबर बाजरीचे उंडे, वाफवलेले गोळे, आजी बाजरीला सजगुरं म्हणतात. उंडा हातानं फोडून भज्जीत कालवायचा. मी चमच्यानं खायला गेले तर मामी, म्हणजे मामांच्या बायकोनं, माझ्या हातातला चमचा काढून घेतला, रागानं नाही, आईनं मुलाच्या हातातली कात्री काढावी तसा. वर गव्हाची गुळातली खीर, तिळाची पोळी, शेंगाची पोळी. दोन उंडे खाल्ल्यावर मी हात आडवा धरला. हाताला काही किंमत नाही तिकडे, हातावरच वाढतात.

आणि हे एकाच शेतात नाही. बांधावरून हाका येतात, "या की आमच्यात!" गेलं नाही तर राग येतो. मी तीन शेतांत जेवले. तिसऱ्या शेतात एक रिटायर्ड मास्तर होते, चिपळूण म्हटल्यावर म्हणाले परशुरामाचं ना, आणि दहा मिनिटं तिथला भूगोल मलाच शिकवला, बरोबर शिकवला. चाचांना तर सगळीकडून ओढत होते, त्यांनी प्रत्येक ठिकाणी एक एक घास खाल्ला आणि प्रत्येकाला सांगितलं तुमचीच भज्जी नंबर एक.

सगळं गोड गोड होतं असं सांगणार नाही. आडनाव सात वेळा विचारलं. पहिल्यांदा सांगितलं तर "म्हणजे कोण?" असा पुढचा प्रश्न, मी "चिपळूणकर" म्हणून हसून घालवलं, एका काकांनी घालवू दिलं नाही, सरळच विचारलं. लग्न झालं का, का नाही झालं, वडिलांनी एकटीला कसं सोडलं, पगार किती. ताटात वाढता वाढता विचारतात, म्हणजे तोंडात घास असतो आणि उठूनही जाता येत नाही. मला ते टोचलं. जेवण वाढणारा हात आणि जात विचारणारं तोंड एकाच माणसाचं असू शकतं, हे मला तिथेच बसून गिळावं लागलं, भज्जीसोबत. आजींनी मात्र एकदाही काही विचारलं नाही. त्यांना फक्त मी किती खाल्लं याच्याशी मतलब होता.

चारच्या सुमाराला मी एक घोळ केला. मामांना बाजूला घेऊन विचारलं, मामा किती द्यायचे? माझ्या डोक्यात खानावळ होती ना, खानावळवाला माणूस, एवढं जेवले, राइड झाली. मामा काहीच बोलले नाहीत. टेम्पोकडे गेले आणि दोरी बांधायला लागले, बांधलेलीच दोरी परत सोडून बांधली. मामी आल्या आणि हळू म्हणाल्या, "त्यायला राग आलाय. जा, भांडी घास माझ्यासोबत." मग मी आणि मामींनी बोअरजवळ बसून राखेनं पातेली घासली, केवढी तरी होती, काळी झालेली, माझे नख अजून तसेच आहेत. शेवटच्या पातेल्याला मामा येऊन म्हणाले, "कोकणात असंच घासतात व्हय? बूड बघ की." म्हणजे राग गेला.

त्या बोअरजवळच पाण्याचं बोलणं निघालं. मी पातेलं विसळताना जरा जास्त पाणी ओतलं असेल, मामांनी नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलं. म्हणाले २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, मिरजेहून, एप्रिलमध्ये पहिली गाडी आली, दहा डब्यांत पाच लाख लिटर. ते स्वतः लातूरला ती गाडी बघायला गेले होते. तेव्हा खानावळ दोन महिने बंद ठेवली, स्वयंपाकाला लागतं त्याच्यापेक्षा भांड्यांना जास्त पाणी लागतं म्हणून. मग मी २२ जुलै २०२१ चं सांगितलं, आमच्या चिपळुणातला पूर, आमच्या घरात माळ्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं आणि आम्ही चौघं वर बसून होतो, आणि पाणी उतरल्यावर प्यायला पाणी नव्हतं. कुठून कुठून गाड्या आल्या होत्या, पाण्याच्या बाटल्या, चटया, फरसाण. आमच्या दारात एक टेम्पो थांबला होता, माणसं उतरली, तीन तास चिखल काढला, चहा पण घ्यायला थांबली नाहीत, नाव विचारायचं राहून गेलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं पाणी येतंय तर ठिवता कुठं?" मी म्हटलं ठेवत नाही, समुद्राला जातं. मामा बराच वेळ गप्प बसले. त्यांना पूर आला याच्यापेक्षा याचं वाईट वाटलं.

अंधार पडायला लागला की हेंडगा. कडब्याची पेंढी पेटवून शेतातून ओवाळत पळायचं. चारी बाजूंच्या शेतांत एकदम आग पळताना दिसते, माणसं दिसत नाहीत, नुसते ठिपके. मी फोन काढला आणि बॅटरी संपली. बरं झालं.

रात्री लॉजचा विषय निघाला तेव्हा मामा म्हणाले उद्या त्याला बघतो. मी म्हटलं नको. झोपायला त्यांच्याच घरी, आजींच्या खोलीत, अंगावर वाकळ. घर जुनं, पुढे दगडी, वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं जाड छत. आजी तिथे झोपत नाहीत. मागे पत्र्याची खोली आहे तिथेच, उन्हाळ्यात भट्टी होते तरी. त्यांचं माहेर किल्लारीकडचं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र संपून पहाट होत होती, भूकंप झाला. असली जाड भिंतींची, मातीच्या छताची घरं झोपेत अंगावर आली. आजींनी माहेरच्या माणसांची नावं घेतली नाहीत आणि मी विचारली नाहीत. एवढंच म्हणाल्या की मागून लई लांबची लोकं आलती, भाषाबी कळत नव्हती, भाकऱ्या थापून घालायची. "त्यातली एक पोरगी होती तुझ्याएवढी. भाकर जाड करायची. आम्ही खाल्ली." मग कूस बदलून लगेच झोपल्या. मला बराच वेळ झोप आली नाही, पत्र्यावर काहीतरी टकटक करत होतं.

आता खानावळ. दुसऱ्या दिवशी ती उघडली आणि मी रीतसर गिऱ्हाईक म्हणून गेले.

सकाळी नाश्त्याला पोऱ्यानं विचारलं, "सुशीला देऊ का?" मी इकडे तिकडे बघितलं. सुशीला म्हणजे मुरमुरे भिजवून पिळून कांदा-मिरची-हळदीची फोडणी, वर फुटाण्याच्या डाळीचं पीठ, शेंगदाणे, कोथिंबीर. पोह्यांपेक्षा हलकं, गरम खाल्लं तरच खरं, गार झालं की चिवट होतं. प्लेट २५ रुपये, एवढी येते की दोघींना पुरेल.

दुपारची थाळी ९० रुपये. ज्वारीच्या भाकरी हव्या तेवढ्या, मामी मागे चुलीवर करतात, पातळ, पापुद्रा सुटलेल्या. येसर आमटी. येसर म्हणजे धान्य-डाळी आणि गरम मसाला भाजून दळलेलं पीठ, ते पाण्यात लावून कढवतात, वरून तेलाची तर्री. ही आमटी हळूच तिखट लागते, घशात गेल्यावर पाठीमागून धरते. कोकणी माणसांनी आधीच दही मागून ठेवा, दहा रुपये वेगळे. एक सुकी भाजी, ती रोज बदलते, मला शेपू होती आणि मला शेपू आवडत नाही, त्यामुळे त्याबद्दल मत देत नाही. शेंगदाण्याची चटणी उखळातली, तेल सुटलेली, ती मी नुसत्या भाकरीबरोबर खाल्ली आणि पाव किलो बांधून पण घेतली. भात शेवटी येतो आणि एकदाच येतो, जाडा तांदूळ. भाताबद्दल मी चिपळूणकर म्हणून बोलले तर भांडण होईल.

वाईट गोष्टी पण लिहिते नाहीतर मामांनी मला पैसे दिले असं वाटेल. टॉयलेट नाही, स्टँडवरचं वापरावं लागतं आणि त्याबद्दल न बोललेलं बरं. पंखा एकच, तो गल्ल्यावर. दुपारी एक ते अडीच बसायला जागा मिळत नाही, अनोळखी माणूस सरळ तुमच्या समोर येऊन बसतो, आणि ज्याला ते चालत नाही त्याच्यासाठी कोपऱ्यात पडदा लावून फॅमिली केलंय पण तिथे कांद्याची पोती आहेत. यूपीआयचा स्कॅनर भिंतीवर आहे पण तो मोठ्या मुलाच्या नावावर आणि मुलगा पुण्याला, पैसे गेले की मामा त्याला फोन करून विचारतात आले का, तोवर तुम्ही उभे. रोख न्या, सुट्टे न्या. पाण्याचा तांब्या टेबलवर असतो, पेल्यात अर्धंच ओततात, अजून लागलं तर मागा पण उष्टं पाणी ठेवून उठू नका, मामा काही बोलत नाहीत, नुसतं त्या पेल्याकडे बघतात.

बिल द्यायला गल्ल्यावर गेले तर माझ्या मनात धाकधूक, कालचा राग आठवत होता, आजही घेणार नाहीत आणि परत मीच मूर्ख ठरेन. शंभरची नोट पुढे केली. मामांनी घेतली, उजेडात धरून बघितली, दहा परत दिले. चटणीचे वेगळे घेतले. सुशीलाचे पण लक्षात होते. काही सूट नाही.

मी बघत राहिले तर म्हणाले, "काल पाव्हणी होतीस. आज गिऱ्हाईक हाईस. दोन्ही वेगळं असतंय."

आणि पुढच्याला ओरडले, भाकर लाव तिकडं.

लेण्यांचं थोडक्यात, कारण तो वेगळा विषय आहे. खरोसा औसा-निलंगा रस्त्यावर, काळीपिवळीनं गेले. सहाव्या शतकातली म्हणतात, आत नरसिंह, शिवपार्वती, कैलास हलवणारा रावण. वेरूळसारखं भव्य काही नाही, मूर्ती झिजल्यात, पण मी दगडाला हात लावला आणि हसायलाच आलं, लाल, भोकं भोकं असलेला, हा तर आमचा जांभा! आमच्या घराच्या चिऱ्यासारखाच. एवढं लांब येऊन घरचाच दगड. तिथे गुरं राखणारे एक आजोबा होते, त्यांनी मला सगळी लेणी हिंडून दाखवली आणि शेवटी पैसे नाही, तंबाखू मागितली. माझ्याकडे नव्हती. फार निराश झाले. जाणार असाल तर बघा बाबा. औशाचा भुईकोट किल्ला परत येताना बघितला, घाईघाईत, तटावर गवत माजलंय पण भिंती दणकट आहेत, त्याला अर्धा दिवस तरी द्या.

चिपळूणला आल्यावर मी मामांना कोकमाच्या आगळाची एक बाटली कुरिअर केली, सोबत कागदावर सोलकढीची कृती लिहून, नारळाचं दूध कसं काढायचं वगैरे सगळं. दहा दिवसांनी मामांचा फोन. बाटली पोचली. नारळ महाग हाय म्हणाले, म्हणून आजींनी आगळ सरळ आंबिलीत ओतलं.

मी विचारलं कसं लागलं?

"रंग बघून लेकरं पळाली. मी एक घोट घेतला, मला काही जमलं नाही. आज्जी एकटीच पिऊलालीय तीन दिस झालं."

मागून आजींचा आवाज आला, फोनपासून लांब, भांड्यांच्या आवाजातून, "तिला म्हणावं मीठ लई हाय. आन् अजून एक बाटली धाड."